अडीचशे आणि साडेतीनशे

गावाबाहेर, जिथे डांबरी रस्ता संपून वाळू सुरू होते, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथवाला काम करायचा. झिजलेला सिलिंडर आतून तासून बोअर करणं, क्रँकचे बेअरिंग बदलणं, पंपाचे शाफ्ट सरळ करणं, ही त्याची रोजची कामं. हात असा बसलेला की केसाच्या जाडीची चूकही त्याला मायक्रोमीटर लावायच्या आधी बोटाला कळायची. पण लोक त्याला त्याच्या कामावरून हाक मारत नसत. त्याला सगळे 'अडीचशे' म्हणायचे. त्याला कारण त्याची गाडी.

गाडी म्हणजे वाळूत पळवायची चार चाकांची क्वाड. एका माणसाची बैठक, मोटरसायकलसारखं हँडल, चार फुगीर टायर आणि मध्ये अडीचशे सीसीचं, एकाच सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. पस्तीस वर्षांपूर्वी असल्या गाड्या नव्या होत्या तेव्हा दर सुट्टीला टेकड्यांवर पन्नास-साठ जण जमायचे. मग कंपन्यांनी टू-स्ट्रोक बनवणं सोडलं, मुलं मोठी होऊन नोकऱ्यांना लागली, कुणाची पाठ गेली, कुणाची हौस फिटली. उरला हा एकटा. थंडी सरताना वाळू घट्ट बसते, तेव्हा हा तिथे एकटाच धूर काढत फिरायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, चुकून इकडे आलेला कुणी रस्ता शोधतोय.

पण तो रस्ता शोधत नव्हता. एका भांडणाचा निकाल लावत होता, आणि ते भांडण एकोणीस वर्षं जुनं होतं.

त्याची सुरुवात एका मासिकात झाली. वाळूतल्या गाड्यांवरचं ते मासिक महिन्याला चाळीस पानं काढायचं आणि शेवटच्या दोन पानांवर वाचकांची पत्रं छापायचं. एकदा त्यात लेख आला, की टू-स्ट्रोकच्या जमान्यातली सर्वांत वेगवान क्वाड म्हणजे साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची. हे वाचून लेथवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने आयुष्यात पहिल्यांदा छापायला म्हणून पत्र लिहिलं. 'दोन सिलिंडर असले म्हणजे दोन डोकी असतातच असं नाही,' अशी सुरुवात. पुढे मुद्दे. जोडगोळीचं इंजिन खालच्या फेऱ्यांत पेंगतं, क्लच मारून मारून जागं ठेवावं लागतं. आमची अडीचशे हलकी, वळणावर हातात राहते, आणि नीट ट्यून केली तर सपाटीवरही मागे पडणार नाही.

पत्र ज्या अंकात छापून आलं त्याच अंकात, त्याच्या पत्राखालीच, उत्तरही छापलेलं होतं. 'पत्रलेखकाचं वळणाबद्दलचं म्हणणं मान्य. सपाटीबद्दलचं स्वप्न मात्र त्यांनी झोपेतच बघावं.' खाली सही आणि पत्ता.

आपलं पत्र छापून यायच्या आधीच त्याला उत्तर कसं काय मिळालं, हा प्रश्न लेथवाल्याला तेव्हा पडायला हवा होता. पण संतापलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. त्याने त्या पत्त्यावर थेट चार पानं लिहिली. उत्तर सहा पानांचं आलं. लवकरच 'आपण'चं 'तुम्ही' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि एकमेकांच्या खऱ्या नावांऐवजी एक 'अडीचशे' आणि दुसरा 'साडेतीनशे' झाला. मासिक बंद पडलं. भांडण चालू राहिलं. पुढे पत्रांच्या जोडीला फोन आला. दर गुरुवारी, संध्याकाळी सहाला, साडेतीनशेचा फोन शेडमध्ये वाजायचा.

नियम दोघांनी मिळून ठरवले. घट्ट, सपाट, आटलेल्या तळ्यावर तीनशे मीटर, उभ्या गाडीपासून सुरुवात. चालवणाऱ्याचं वजन ऐंशी किलो, कमी असेल तर वाळूची पिशवी बांधायची. टाकी अर्धी. दुसरी चाचणी आठ पिंपांची. वीस-वीस पावलांवर पिंपं मांडायची, त्यांच्यामधून नागमोडी जायचं आणि परत यायचं. तीन वेळा पळवून सर्वांत चांगला आकडा धरायचा. वर्षातून एकदा, वाळू घट्ट असताना. साडेतीनशे म्हणायचा, त्याच्या घराजवळही असंच आटलेलं तळं आहे.

घड्याळ धरायला लेथवाल्याकडे कुणी नव्हतं. म्हणून त्याने एक जुगाड केलं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुंट्यांमध्ये शिवणाचा दोरा ताणायचा. पहिला दोरा तुटला की विजेचं घड्याळ सुरू, दुसरा तुटला की बंद. पळवून झालं की गाडी बंद करून चालत मागे यायचं, घड्याळ वाचायचं, दोरे पुन्हा बांधायचे. एका फेरीला बारा सेकंद लागायचे आणि पुढच्या फेरीच्या तयारीला वीस मिनिटं.

पिंपांच्या चाचणीत तोच जिंकायचा, दर वर्षी, आणि साडेतीनशे तसं कबूलही करायचा. पण सपाटीवर मात्र वाट लागायची. पहिल्या वर्षी याचे चौदा पूर्णांक सहा सेकंद, त्याचे चौदा पूर्णांक एक. लेथवाला हट्टाला पेटला. त्याने सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जायची भोकं, कानशीने उंच केले, पुढच्या वर्षी साडेतेरावर आणली. साडेतीनशेने कळवलं, तेरा पूर्णांक एक. एक अख्खा हिवाळा याने पत्रा कापून, कोन वळवून, वेल्डिंग करून नवा एक्झॉस्ट पाईप बनवला. एक नाही, सहा बनवले, पाच फेकले. सहावा बसला तेव्हा गाडी खालच्या फेऱ्यांत अंगाला आळोखेपिळोखे द्यायची आणि वर गेली की अशी काही उसळायची की हँडल हातातून सुटेल की काय. आकडा आला बारा पूर्णांक आठ. गुरुवारी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितला. पलीकडून आवाज आला, "छान. माझा बारा पूर्णांक पाच."

या सगळ्यात बायको निघून गेली. भांडून नाही गेली. कंटाळून गेली. बारा गल्ल्या पलीकडे तिची बहीण राहायची, तिच्याकडे. जाताना एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी इंजिन बंद व्हायची वाट बघावी लागते. ते बंद झालं की तुम्ही हात धुता. हात धुतले की गुरुवार असतो." दुकानात, रांगेत कधी भेट झाली तर दोघं नीट बोलायचे. ती विचारायची, "जेवण वेळेवर होतंय ना?" तो म्हणायचा, "होतंय." होत नसायचं, हे तिलाही कळायचं. पण त्यापुढे विचारायचा तिचा हक्क तिने स्वतःच सोडला होता, आणि पुन्हा मागायची इच्छाही नव्हती.

एका वर्षी मिश्रण पातळ झालं, पेट्रोलमध्ये तेल कमी पडलं की कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बारीक होता कोण जाणे, पण पुऱ्या वेगात पिस्टन सिलिंडरमध्येच अडकला. मागची चाकं जागीच आवळली, आणि हा हँडलवरून पुढे. गळ्याजवळचं हाड मोडलं. हॉस्पिटलात पडून होता, तरी गुरुवारी सहाला नर्सच्या मागे लागून शेडच्या नंबरावर आलेला फोन वॉर्डात वळवून घेतला.

"गाडी कशी आहे?" साडेतीनशेने पहिलं हेच विचारलं.

"पिस्टन गेला. सिलिंडरला ओरखडे."

"बोअर करता येईल?"

"अर्धा मिलिमीटर. येईल."

"बरं झालं." मग जरा थांबून, "आणि तू?"

"मलाही बोअर करता येईल," लेथवाला म्हणाला, आणि दोघंही इतके हसले की याला हाड दुखून डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात त्याच्याशी दुसरं कुणी हसलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी, थंडी सरताना, त्याने गाडीचं मागचं दातेरी चाक एका दाताने लहान केलं, सिलिंडरचं डोकं आणखी थोडं तासलं आणि तळ्यावर गेला. वारा समोरून होता. तिसऱ्या फेरीनंतर चालत मागे आला, घड्याळ बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. अकरा पूर्णांक नऊ. साडेतीनशेचा गेल्या वर्षीचा आकडा होता बारा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लहान इंजिन मोठ्याच्या पुढे गेलं होतं. आजूबाजूला सांगायला एक पाखरूही नव्हतं. तो वाळूत बसून राहिला आणि गुरुवारची वाट बघू लागला.

गुरुवारी फोन आला नाही.

पुढच्या गुरुवारी आला नाही. तिसऱ्या गुरुवारी लेथवाला पाच वाजल्यापासून लेथ बंद करून बसला, न जाणो घंटा ऐकू आली नाही तर. साडेसहा वाजले, सात वाजले. मग त्याच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत आपण त्याचा नंबर कधी मागितलाच नाही. नेहमी तोच करायचा. आपल्याकडे आहे तो फक्त पत्रांवरचा पत्ता.

शुक्रवारी पहाटे त्याने भाड्याचा टेम्पो आणला, अडीचशे मागे चढवली, पट्ट्यांनी आवळली आणि निघाला. मनात दोन गोष्टी होत्या. तो बरा आहे ना, ही एक. आणि बरा असेल तर घोडामैदान जवळच आहे, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करू आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावू, ही दुसरी. पहिली गोष्ट मोठी होती, पण टेम्पोत गाडी चढवली होती ती दुसरीसाठी.

नऊ तासांनी तो पत्त्यावर पोचला. दुपार कलत होती. एका मोठ्या शहराच्या ऐन मध्यात, औषधांच्या दुकानावरची तिसऱ्या मजल्यावरची खोली. इमारतीला लिफ्ट नाही. खाली गाडी ठेवायला शेड नाही, आणि तळं म्हणावं तर चौकात एक बंद पडलेलं कारंजं होतं. लेथवाल्याला वाटलं, पत्ता जुना असेल. तो वर गेला.

दार एका मध्यमवयीन बाईने उघडलं. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. शेजारच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि ती येता जाता इकडे बघून जायची. टाचण्या काढून तिने विचारलं, "कोण पाहिजे?"

"साडेतीनशे," तो बोलून गेला, आणि मग गडबडून खरं नाव सांगू लागला.

"अगंबाई," ती म्हणाली. "तुम्ही अडीचशे."

आत खिडकीपाशी खाटेवर एक बारीक, गोरा, जाड चष्म्याचा म्हातारा उशांना टेकून बसला होता. तीन आठवड्यांपूर्वी जिन्यात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन होता तो खालच्या औषधाच्या दुकानात. दर गुरुवारी तो सहाला दहा मिनिटं कमी असताना उतरायला सुरुवात करायचा. आता उतरणं बंद. पांघरुणाखालून त्याचे पाय दिसत होते. उजवा प्लास्टरमध्ये, आणि डावा मनगटाएवढा बारीक. तो पाय खुब्यामुळे बारीक झालेला नव्हता. लहानपणापासून तसा होता.

लेथवाल्याची नजर त्या डाव्या पायावर गेली आणि तिथेच राहिली. क्वाडचे गिअर डाव्या पायाने टाकतात.

"गाडी कुठाय तुझी?" त्याने विचारलं.

साडेतीनशेने पांघरूण ओढून पाय झाकला.

"मी माझी घेऊन आलोय. खाली आहे. तुझी कुठाय?"

"बस तरी."

"गाडी कुठाय?"

"नाही," साडेतीनशे म्हणाला. "नाहीये. कधीच नव्हती."

शिंपीणबाई हळूच आपल्या खोलीत निघून गेली. तिकडे शिलाई मशीन सुरू झालं.

मग त्याने सगळं सांगितलं. तो प्रूफं तपासायचा. ज्या छापखान्यात ते मासिक छापलं जायचं, तिथेच चौतीस वर्षं. प्रत्येक लेख, प्रत्येक आकडा, प्रत्येक गाडीची माहिती छापायच्या आधी त्याच्या हाताखालून जायची. एके दिवशी वाचकांच्या पत्रांच्या प्रूफांत 'दोन सिलिंडर असले म्हणजे दोन डोकी असतातच असं नाही' हे वाक्य आलं. "मी एकटाच खोलीत बसून मोठ्याने हसलो. मग वाटलं, या माणसाला उत्तर द्यावं. पानावर तीन इंच जागा रिकामी होती. दिलं. मला काय माहीत तू चार पानं लिहिशील."

"आणि आकडे? एकोणीस वर्षांचे आकडे?"

साडेतीनशेने भिंतीकडे हात केला. फळीवर वह्या होत्या, ओळीने. लेथवाल्याने एक ओढली. पानन्‌पान बारीक अक्षरांत भरलेलं. दातेरी चाकांची गुणोत्तरं, गाडीचं वजन, टायरचा घेर, कुठल्या फेऱ्यांना किती ताकद, वाळूत चाक किती घसरेल. आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटी एक आकडा, चौकटीत.

"मनाने ठोकून दिलेले नाहीत," साडेतीनशे म्हणाला. "हिशेबाने काढलेले आहेत. तू काय केलंस ते सांगायचास. मग मी विचार करायचो, तुझ्यासारख्या माणसाच्या हातात साडेतीनशे असती तर त्याने तिचं काय केलं असतं. आणि त्यावरून."

"मला शेंडी लावलीस."

"लावली."

"हाड मोडलं माझं. घर मोडलं. एकोणीस वर्षं मी वाऱ्याशी शर्यत लावत होतो!"

साडेतीनशेने मान खाली घातली. "पडल्यावर पत्र लिहायला घेतलं होतं. दहादा घेतलं. पण यंदाचा आकडा द्यायची वेळ होती. यंदा आकडा सुचेना. म्हटलं, आता पुरे."

लेथवाला वही खाटेवर टाकून खाली गेला. टेम्पोत बसला, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. समोर औषधाचं दुकान, काचेआड काळ्या रंगाचा टेलिफोन. त्या टेलिफोनपर्यंत यायला तीन मजले, एका पायाने, दर गुरुवारी. तो बघत राहिला. परत गेला असता तर मध्यरात्री घरी पोचला असता, उद्या लेथ सुरू केलं असतं, आणि तळ्यावरची ती गोष्ट? ती कुणाला सांगणार होता? बायको ऐकून घेईल आणि म्हणेल, छान. गावात कुणाला बारा आणि अकरा यांतला फरक कळत नाही. उभ्या जगात त्या आकड्याचा अर्थ समजणारा माणूस एकच होता. तो वर खाटेवर पडला होता, आणि लबाड होता.

त्याने टेम्पो बंद केला आणि पुन्हा जिना चढला. दारातूनच म्हणाला, "अकरा पूर्णांक नऊ."

साडेतीनशेने वर बघितलं. चष्म्यामागे त्याचे डोळे बदलले. "वारा?"

"काय वारा?"

"वारा मागून होता की समोरून?"

"समोरून."

साडेतीनशेने डोळे मिटले, ओठ हलवत काहीतरी हिशेब केला, आणि म्हणाला, "मग हरलो."

लेथवाल्याला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला राग येईल नाहीतर हसू येईल. दोन्ही आलं नाही. खाटेवर टाकलेली वही त्याने उचलली आणि फळीवर परत लावली.

त्या संध्याकाळी लेथवाला आणि शिंपीणबाई यांनी साडेतीनशेला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. दर वळणावर ती ओरडायची, "अहो काका, पाय सांभाळा, भिंत माझ्याकडे आहे!" टेम्पोची मागची फळी पाडली, त्याला उचलून अडीचशेवर बसवलं, प्लास्टरचा पाय खोक्यावर टेकवला. लेथवाल्याने किक मारली. निळा धूर अख्ख्या गल्लीत पसरला, औषधवाला खोकत बाहेर आला आणि "हे काय चाललंय काय!" असं ओरडून शिंपीणबाईला बघून गप्प बसला. साडेतीनशेचा अंगठा थ्रॉटलवर ठेवला. त्याने हळूच दाबला, इंजिन किंचाळलं, त्याने दचकून सोडला. पुन्हा दाबला. चेहरा असा, की जणू कुणी कानात गुपित सांगतंय.

थोड्या वेळाने त्याने हात काढून घेतले आणि तळव्यांकडे बघत राहिला.

"हे एवढं कंपतं?" तो म्हणाला. "मुंग्या आल्या कोपरापर्यंत."

"मग? टू-स्ट्रोक आहे."

"चौतीस वर्षांत हे कुणी लिहिलं नाही," साडेतीनशे म्हणाला. "एकानेसुद्धा."

लेथवाला रात्री तिथेच राहिला आणि सकाळी निघाला. शिंपीणबाईने सांगितलं, यापुढे गुरुवारी ती आपला मोबाईल काकांच्या हातात देईल. तसं झालंही. सहाला फोन यायचा. पण आता बोलायचं काय? भांडण मिटलं होतं. आकडे नसताना माणसं एकमेकांशी काय बोलतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. "पाय कसा आहे?" "बरा आहे. तुझं काम?" "चाललंय." मग नुसतं श्वास ऐकत बसणं. पाच मिनिटांत फोन संपायचा, आणि शेडमधली संध्याकाळ पूर्वीपेक्षा लांब व्हायची. लेथवाल्याला कधी कधी वाटायचं, गेलो नसतो तर बरं झालं असतं.

मग त्याने एक गोष्ट केली. जाहिराती चाळून चाळून एका बंद गोदामात सडत पडलेली खरी साडेतीनशे शोधली आणि घरी आणली. टायर फाटलेले, एका सिलिंडरमध्ये पाणी, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. सगळा उन्हाळा तिच्यावर घालवला. दोन्ही सिलिंडर बोअर केले, क्रँक उघडून नवे बेअरिंग घातले, दोन कार्बोरेटर जोडीने एकसारखे उघडतील असे जुळवले. फोनवर अवाक्षर काढलं नाही. वाळू पुन्हा बसायला लागली तसा एका बुधवारी तिला घेऊन तळ्यावर गेला.

कबूल करायला त्याला जड गेलं, पण ही गाडी वेगळीच होती. अडीचशे झटक्याने उडी मारते. ही सुरुवातीला आळसटते, आणि मग दोन्ही सिलिंडर एका सुरात लागले की मागून कुणी ढकलत राहावं तशी जात राहते, जातच राहते. पिंपांमध्ये मात्र तिचं पुढचं टोक जड, वळायला नाखूश. तिथे अडीचशे तिला सहज मागे टाकत होती. यात नवल नव्हतं. सपाटीचा आकडा आला बारा पूर्णांक सहा.

गुरुवारी त्याने सगळं सांगितलं. गाडी आणली, बांधली, पळवली, आकडा एवढा. "तुझा बारा खोटा ठरला," तो म्हणाला.

पलीकडे वहीची पानं सळसळली. मग साडेतीनशेचा आवाज आला. कित्येक महिन्यांत तो असा बोलला नव्हता. "प्लगचा रंग काय?"

"काळपट."

"दोन्ही?"

"डावा जास्त."

"मग मेन जेट मोठा आहे तुझा, पेट्रोल जास्त जातंय. दोन नंबर खाली ये. मागचं दातेरी चाक कितीचं?"

"एक्केचाळीस."

"वाळूत एक्केचाळीस ठीक, तळ्यावर कशाला? एकोणचाळीस लाव. गाडीला दोष देऊ नकोस, बांधणाऱ्याला दे."

"ए, उंटावरून शेळ्या हाकू नकोस!"

"एकोणीस वर्षं हाकतोय. तुझी शेळी पळाली ना?"

त्या दिवशी फोन पाऊण तास चालला. शेवटी शिंपीणबाईचा आवाज आला, की अहो, बॅटरी संपत आलीय, बाकीचं पुढच्या गुरुवारी भांडा.

एकोणचाळीस दातांचं चाक कुठे मिळेना. लेथवाल्याने स्वतः कापायला घेतलं, त्यात दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, भलत्या दिवशी फोन वाजला. शिंपीणबाई होती. काका गेले, म्हणाली. छातीत कफ झाला होता, दोन दिवसही लागले नाहीत. त्रास फारसा झाला नाही. आदल्या संध्याकाळी विचारत होते, चाक कापून झालं का म्हणून.

"झालंय," लेथवाला म्हणाला. "आज सकाळीच झालं." तिने विचारलं, अंत्यविधीला येणार का. तो गेला. छापखान्यातले तीन म्हातारे, शिंपीणबाई, औषधवाला आणि तो, एवढीच माणसं होती. त्या म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" याला नातं सापडेना. "आमचं भांडण होतं," तो म्हणाला, आणि म्हातारा जरा बाजूला सरकला.

परत आल्यावर आठवडाभर त्याने तळ्याकडे तोंड केलं नाही. मग एके सकाळी जेट बदलले, नवं चाक बसवलं, दोरे ताणले. वारा पडलेला होता. पहिली फेरी बारा पूर्णांक तीन. दुसरी बारा पूर्णांक एक. तिसरीला इंजिन तापलं, बारा पूर्णांक दोन. प्लग काढून बघितले. दोन्ही तपकिरी, भाजलेल्या बिस्किटासारखे. जेटचं त्याचं म्हणणं बरोबर होतं.

गुरुवारी सहाला लेथवाल्यानेच फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"बारा पूर्णांक एक," तो म्हणाला. "मागच्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद कमी."

"म्हणजे चांगलं का ते?" शिंपीणबाईने विचारलं.

"चांगलं. अडीचशे अजून पुढे आहे. पण चांगलं."

"थांबा हं, लिहून घेते. वह्या मी ठेवल्यात इकडे, टाकवेनात." कागदाचा आवाज आला. "बारा पूर्णांक एक. तारीख घालू?"

"घाला."

तिने घातली. मग तिचं गिऱ्हाईक आलं, आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात एक बाई गवत कापायचं मशीन घेऊन शेडवर आली. सुरूच होत नाही म्हणाली. लेथवाला ते उघडत असताना तिची नजर कोपऱ्यातल्या दोन गाड्यांवर गेली. "या दोन्हींत जास्त जोरात कुठली पळते हो?"

त्याने पाना खाली ठेवला. "ते कुठे पळवता त्यावर आहे," तो म्हणाला. "तळ्यावर सरळ पळवली तर साडेतीनशे आधी मागे पडेल, पण शंभर मीटरनंतर तिला धरणं अवघड. आता माझी अडीचशे तिला धरते, पण ती कारखान्यातून आली तशी राहिलेली नाही. तशीच्या तशी ठेवली असती तर साडेतीनशेच पुढे, यात वाद नाही. मी वीस वर्षांपूर्वी हे मान्य केलं नसतं. वळणावर मात्र..."

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की बाईने केव्हाच घड्याळ बघून नजर मशीनकडे नेली आहे. तो थांबला. पाना उचलला.

"प्लग साफ करून देतो," तो म्हणाला. "दहा मिनिटं लागतील. बसा तिथे, स्टुलावर."

"मी येते जाऊन बाजारातून," ती म्हणाली आणि गेली. त्याने प्लग काढला, उजेडात धरला. काळा होता. तारेच्या ब्रशने घासून त्याने तो परत बसवला, दोरी ओढली, आणि दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं.